हाइट पासवाला नवरा

माझ्या नवऱ्याचं काम परांच्या तपासण्याचं. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लोखंडी पाईप जोडून परांची उभी राहिली की आधी हे ती हलवून, ठोकून बघतात. पसंत पडली तर हिरवी पाटी लावतात, नाहीतर लाल. लाल पाटी असताना कुणी शिडीवर पाय ठेवला तर ह्यांचा आवाज दूर बनशंकरीला आमच्या घरापर्यंत यावा!

घरी मात्र माळ्यावरचा डबा काढायला ह्यांना मी लागते. त्यामुळे मला त्या कामाचं काडीचं कौतुक नव्हतं. पाईप ठोकायचे आणि पाट्या लावायच्या, त्यात काय एवढं, असं मी तोंडावर म्हणायची.

मग एका आयुधपूजेला ह्यांनी मला कारखान्यात नेलं. यंत्रांना हळदकुंकू, गाड्यांना केळीचे खुंट, दारात फोडलेला कोहळा. रंगकामासाठी एका उंच टाकीभोवती परांची बांधली होती, आणि तिच्या शेंड्याला झेंडूचा हार बांधायची तिथली रीत. मालकांचे जावई फोटोग्राफरला घेऊन हार बांधायला निघाले.

"हाइट पास आहे?" ह्यांनी विचारलं.

जावई हसले. हे हसले नाहीत.

"ट्रेनिंग नाही, डॉक्टरांची तपासणी नाही. पास नाही तर वर नाही. सरी? कळलं?"

जावयांनी निमूट हार ह्यांच्या हातात दिला.

मग हे चढले. कमरेच्या पट्ट्याला दोन हूक होते. एक वरच्या पाईपला अडकल्याशिवाय खालचा सुटत नव्हता, आणि ते मी टाकीच्या टोकापर्यंत बघितलं. मानेला रग लागली तरी नजर खाली येईना. सगळ्यात वरच्या फळीवर हे अंगणात उभं राहावं तसे उभे राहिले आणि सावकाश हार बांधू लागले. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. रोज इतकी माणसं ह्या एका माणसाच्या हिरव्या पाटीवर भरवसा टाकून तिथं जातात! आणि मी आपली म्हणत होते, त्यात काय एवढं.

त्यानंतर काही दिवसांनी हे देव्हाऱ्यासमोरून उठताना झोकांडले आणि भिंतीला टेकले. मग पुन्हा एकदा तेच.

"स्वल्प चक्कर आली. कुठं बोलू नको," म्हणाले.

पास नवा करून घ्यायची वेळ तोंडावर आली होती. पास गेला तर वर जाणं बंद, आणि वर जाण्याइतकं ह्यांना दुसरं काही प्रिय नाही. मी आता रोज पोळ्या करपवू लागले.

तपासणीला जयनगरच्या दवाखान्यात मी हट्टानं बरोबर गेले. रक्तदाब, डोळे, जमिनीवरच्या रेषेवरून चालणं, सगळं ठीक निघालं.

"चक्कर येते का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही," हे म्हणाले.

बाई माझ्याकडे वळल्या. "अक्का, तुम्ही सांगा."

मला ती वरची फळी दिसली. तिच्यावरचा माणूस दिसला.

"येते," मी म्हणाले.

हे माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. मग डॉक्टरबाईंना म्हणाले, "ती सांगते ते खरं. तसंच लिहा."

पास थांबला. ह्यांचं सगळ्यात आवडीचं ते मी आपल्या हातानं काढून घेतलं होतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे कामावरून आले ते बूट न काढता दारातल्या पायरीवर बसले.

"सकाळी सगळ्यांना गोळा केलं," म्हणाले. "सांगितलं, मला चक्कर येते. मी ते लपवलं. मी आता वर येणार नाही."

"मग? हसले का कुणी?"

"नाही. जेवणाच्या सुट्टीत तिघं जण आले. एकेकटे, एकमेकांना चुकवून. प्रत्येकाचं एकच. अण्णा, मलाही येते."

मी ह्यांच्याशेजारी पायरीवर बसले. ती माणसं त्याच टाकीवर, त्याच फळीवर रोज उभी राहत होती.

"आत्ता कुठं आहेत?" मी कसंबसं विचारलं.

"खालच्या कामाला लावलं. तिघंही खाली आहेत," हे म्हणाले, आणि माझा हात घट्ट धरून लहान मुलासारखे रडू लागले.