गव्हाला नाही म्हणणारी गवराबाई

माझ्या थोरल्या जाऊबाई, गवराबाई, गव्हाचा कणसुद्धा खात नसत. आज हे कुणाला सांगितलं तर लोक डॉक्टरचं नाव विचारतील. एकोणीसशे पंचावन्न-छप्पन साली आमच्या वाकडमध्ये हे ऐकलं की बायका तोंडाला पदर लावून हसत. गहू मिळत नाही म्हणणारी माणसं गावात ढीगभर होती. घरात कणगी भरलेली असून खात नाही म्हणजे निव्वळ माज, असा सरळ हिशेब होता.

या दुखण्याला सिलिॲक असं नाव आहे, हे मला खूप वर्षांनी कळलं. गव्हाच्या पिठाला जो चिकटपणा असतो, तोच काही माणसांच्या आतड्याला सोसत नाही म्हणे. गवराबाईंना मी अक्का म्हणत असे. अक्कांना त्या नावाची गरज कधी पडली नाही. माझं शिक्षण चिंचवडला सातवीपर्यंत झालेलं, त्यामुळे मी स्वतःला फार शहाणी समजत होते. त्या शहाणपणातून माझ्या हातून जे झालं ते सांगितल्याशिवाय अक्कांची गोष्ट पुरी होत नाही, आणि सांगताना आजही मला माझाच राग येतो.

अक्कांचं माहेर मारुंजीचं. जमीन थोडी, तीही कोरडवाहू. घरी बाजरी, थोडा भात, आणि गहू दिसायचा तो लग्नाच्या पंगतीत. सासर मात्र विहिरीवर मोट असलेलं. इथे गव्हाची पोळी आठवड्यातून दोनदा होई, आणि त्याचा सासूबाईंना, म्हणजे मंजुळाबाईंना, केवढा अभिमान! मारुंजीची ही धडधाकट पोर वाकडला आली आणि सहा महिन्यांत वाळली. पोट सारखं फुगलेलं, दिवसातून दहा वेळा तांब्या घेऊन पळायचं, केस गळायचे. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले.

आता गंमत बघा. बाई अशक्त झाली म्हणून तिला काय द्यायचं? गव्हाचं सत्त्व. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, गाळायचा आणि त्याचा चीक शिजवून तूप घालून पाजायचा. आमच्याकडे यापेक्षा मोठं औषध नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनीही नाडी बघून डबलरोटी आणि दूध लिहून दिलं. जितकी अक्का खंगायची तितका तिला गहू जास्त. प्रेमानं चाललं होतं सगळं, म्हणून तर कुणाला थांबवता येईना.

आणि माहेरी गेली की पंधरा दिवसांत तिच्या गालांवर रंग यायचा. परत आली की पुन्हा अंथरूण. यावरून मंजुळाबाईंनी जो अर्थ काढला तो कुठल्याही सासूनं काढला असता. "म्हायेरी ठणठणीत, सासरी दुखणं. कामाचा कट्टाळा हाय, दुसरं काय?"

मग एका वर्षी गव्हावर तांबेरा पडला. शिवारच्या शिवार लाल झालं, खळ्यावर भुसा तेवढा आला. त्या वर्षी आमच्या घरीसुद्धा सणाला बाजरी नाहीतर भात. मंजुळाबाई डोळ्यांतून पाणी काढत होत्या आणि इकडे अक्का बाळसं धरत होती. चार महिन्यांत ती डोक्यावर दोन हंडे घेऊन नदीवरून यायला लागली. सासूबाई म्हणाल्या, नवस फळला. पुढच्या वर्षी गहू चांगला आला, होळीला पुरणपोळ्या झाल्या, पाडव्यालाही झाल्या, आणि चैत्र संपायच्या आत अक्का पुन्हा आडवी.

आडवी पडल्या पडल्या तिनं विचार केला. शाळेचं तोंड न बघितलेली बाई. अंगात त्राण आल्यावर ती चुलीपुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आत्याबाई, मला गहू सोसत न्हाई. आजपास्नं मी खानार न्हाई. पोळी न्हाई, खीर न्हाई, सत्त्व न्हाई, काय न्हाई."

"लक्षुमीला लाथ मारतीस?" मंजुळाबाई म्हणाल्या.

"बाजरीबी लक्षुमीच हाय की. धाकटी असंल."

त्या दिवसापासून अक्काचा संसार वेगळाच सुरू झाला. तिचा तवा वेगळा, काठवट वेगळी. गावात तेलावर चालणारी पिठाची गिरणी आली, सगळ्या बायकांची जाती धूळ खात पडली, पण अक्का पहाटे एकटी दळायची. गिरणीत आधी कुणाचा गहू दळला असेल तर त्याचं पीठ आपल्या बाजरीत येतं, हे तिनं एकदा पोट बिघडल्यावर ओळखलं होतं. हिंगाच्या खड्यातही कणीक असते म्हणून तिच्या आमटीला हिंग नाही. लग्नाला जायचं तर फडक्यात भाकरी आणि खर्डा बांधून न्यायची. पंगतीत लापशी वाढायला आले की पत्रावळीवर हात आडवा धरायची. एका यजमानीण बाईंना राग आला. "आमच्या दारात येऊन आमच्या अन्नाला नाव ठेवता व्हय?"

"अन्नाला कशापायी ठिवू? माझ्या पोटाला ठिवते," अक्का म्हणाली आणि खाली मान घालून भाकरी खाऊ लागली.

सत्यनारायणाचा शिरासुद्धा ती कपाळाला लावून माझ्या हातावर ठेवायची. ब्राह्मणानं डोळे वटारले तर म्हणाली, "द्येवाला ठाव हाय माझं पोट. त्यानंच केलंय." मला त्या वेळी तिची लाज वाटायची. चारचौघींत असं बोलायचं असतं का, असं वाटायचं.

पण मंजुळाबाईंच्या मनात दुसरंच शिजत होतं. लग्नाला आठ वर्षं झाली, पाळणा हलला नाही. माणच्या उद्धवरावांची मुलगी उपवर होती. अक्काला माहेरी धाडायचं आणि सोपानरावांचं, म्हणजे माझ्या दिरांचं, दुसरं लग्न लावायचं, असं त्यांनी ठरवलं. माझे यजमान पिंपरीला कारखान्यात नोकरीला होते, ते म्हणाले, "आई, आता कायदा आलाय, दोन बायका करता येत नाहीत." त्यावर त्या म्हणाल्या, "कायदा ऱ्हातो पुन्यात. तो कशाला येतोय वाकडला पोळी खायला?"

सोपानराव मोटेवर बैलांना हाकताना नदीपलीकडे ऐकू जात, पण आईसमोर त्यांचा घसा बसायचा. या वेळी मात्र ते एक वाक्य बोलले. "आजारी असंल तर तिचं औषीद करू. सोंग असंल तर धाडू म्हायेरी." म्हणजे आता सोंग आहे हे सिद्ध करायचं राहिलं.

अक्का बाहेरची झाली. ते चार दिवस बाईनं चुलीला, पाण्याला, जात्याला शिवायचं नाही. गोठ्याशेजारच्या पडवीत बसायचं आणि दुसरी कुणी देईल ते खायचं. अक्काच्या भाकऱ्या त्या दिवसांत मी थापायची, तिच्या डब्यातल्या पिठाच्या. पहिल्याच सकाळी मंजुळाबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. "छबू, चार मुठी बाजरीत एक मूठ गहू घाल. तिला कळू द्यायचं न्हाई. काय झालं न्हाई, तर सोंग उघडं पडंल. आन् झालंच, तर मी माझ्या हातानं तिला जनमभर बाजरी घालीन."

मला ते न्यायाचं वाटलं. परीक्षाच तर आहे, होऊन जाऊ दे, असं मी मनाशी म्हणाले. शिकलेल्या माणसाला आपल्या पापाला चांगला शब्द लगेच सापडतो. मी मूठ घातली. पीठ छान मळलं गेलं, भाकरीला एक चीर पडली नाही.

दुसऱ्या दिवशी रात्रीपासून अक्काला जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी ती पडवीत पोट धरून मुरगाळून पडली होती, आणि तरी मी नेलेल्या भाकरीचा घास घेत होती, कारण बाजरीनं आपल्याला काही होत नाही यावर तिचा विश्वास होता. मी आत येऊन सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, खरं आहे तिचं. बास करूया."

मंजुळाबाईंच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. "कशाचं खरं? बाजरी खाऊन पडली, समद्यांनी बघितलं. म्हंजी गव्हाचं सोंगच हुतं, बाईच मुळात रोगट. उद्यापरवा उद्धवराव घर बघाया येनार हाय. तोंड उघडशील तर तुझंबी गाठोडं बांधीन."

आणि मी चौथ्या दिवशीही तेच पीठ मळलं. भीतीनं मळलं. यापुढे काय सांगू?

पाचव्या दिवशी सकाळी अक्का न्हाऊन भिंतीला धरत स्वयंपाकघरात आली. शिंकाळ्यात आदल्या रात्रीची तिची भाकरी उरली होती. भूक लागली म्हणून तिनं ती काढली, मोडायला गेली आणि थांबली. शिळी बाजरीची भाकरी कडकन तुटते, ही वाकली. तिनं पुन्हा दुमडून बघितली. मग माझ्याकडे वळली. "छबू, बाजरी अशी वळती व्हय गं?"

मी तव्यावरची पोळी उलटत होते. ती पुन्हा उलटली. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. आपल्या डब्यातलं पीठ घेतलं, तीन भाकऱ्या थापल्या आणि कोपऱ्यात बसून राहिली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी उद्धवराव आले. साधा, शांत माणूस. ओसरीवर दोन पाट मांडले. एकावर ते, एकावर सोपानराव. मी पुरणपोळ्या वाढल्या, वर तुपाची धार. मंजुळाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. उद्धवरावांनी पहिला घास घेण्याआधी विचारलं, "थोरल्या सूनबाईला दुखणं काय हाय म्हनायचं?"

"काय खाल्लं तरी अंगी लागत न्हाई बगा," सासूबाई म्हणाल्या. "आदी गव्हाचं नाव सांगत हुती. आता बाजरीबी पचत न्हाई. म्हायेरी धाडतोय."

तेवढ्यात अक्का उंबऱ्यात आली. पाहुण्यापुढे थोरल्या सुनेनं असं यायचं नसतं. ती आली, आणि तिच्या दोन हातांत दोन भाकऱ्या होत्या. "पावनं, माझ्या दुखन्याचं मलाच इचारा. ही बाजरीची भाकर." तिनं मोडली, तुकडे खाली पडले. "आन् ही चार दिस मला बाजरी म्हनून घातली ती." ती ओढली तेव्हा आधी ताणली गेली, मग फाटली.

उद्धवराव शेतकरी माणूस, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी हळूच विचारलं, "पीठ कुनी मळलं?"

मंजुळाबाईंनी माझ्याकडे बघितलं. गाठोडं, माहेर, चिंचवडच्या लोकांची तोंडं, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. अक्का मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्यावर विसंबलीच नव्हती, आणि तेच मला सहन झालं नाही.

"मी मळलं," मी म्हटलं. "आत्याबाईंनी सांगितलं होतं. पण हात माझे. चार दिवस गहू घातला, आणि अक्का पडली ती त्यानंच."

मग उद्धवरावांनी ताट पुढे सरकवलं. "मंजुळाबाई, हिला मूल न्हाई म्हनून तुमी हिच्या घासात हे घातलंत. उद्या माझ्या पोरीला न्हाई झालं, तर तिच्या घासात काय घालाल?" ते उठले, पागोटं घेतलं आणि उन्हात चालू लागले. तुपानं भिजलेली पोळी जशीच्या तशी राहिली.

मंजुळाबाईंचा आवाज मग माणपर्यंत गेला असेल. "पावना उपाशी घालवलास! चालती हो माझ्या घरातनं! आत्ताच्या आत्ता!"

"न्हाई व्हनार," अक्का म्हणाली. ती चौकटीला धरून उभी होती, आवाज मात्र ठणठणीत. "आठ वर्सं हितं दळलं, कांडलं, शेण काढलं. घर माझंबी हाय. मला गव्हानं मारून खांद्यावरनं न्यायचं असंल तर न्या. चालत मी जानार न्हाई."

सोपानराव आईकडे बघत होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि मोडलेला घास तसाच हातात धरून बसले. अक्कानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती ओसरीवर आली आणि उद्धवरावांच्या रिकाम्या पाटावर, नवऱ्याच्या शेजारी, मांडी घालून बसली. आमच्या घरात पुरुषांची पंगत उठल्याशिवाय बाईनं तोंडात पाणी घेतल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"वाढ गं छबू," ती म्हणाली. "तीन दिस पोटात काय ठरलं न्हाई. लई भूक लागलीया."

मी तिच्या हातच्या दोन भाकऱ्या वाढल्या, वर खर्डा आणि कांदा. तिनं सगळ्यांच्या देखत, घाई न करता, दोन्ही संपवल्या आणि आणखी एक मागितली. तिनं थापलेल्या तिन्हींतली आता एकही उरली नव्हती. मी हात धुतले, एकदा धुतले, पुन्हा धुतले, आणि तिच्या काठवटीपुढे जाऊन बसले.