डॉक्टर, नाव घ्या!

"डॉक्टर, नाव घ्या!" कानामागचं पेन काढून माझ्यावर रोखत आमच्या सिस्टर म्हणायच्या. "उखाणा थोडीच घ्यायचाय?"

भोपाळच्या त्या इस्पितळात मी नवा स्त्रीरोगतज्ज्ञ. पदवी भिंतीवर चौकटीत. पण पेशंटसमोर 'योनी' म्हणायची वेळ आली, की माझी बोबडी वळायची. हसा, हसा. सिस्टरही हसायच्या.

एकदा शहरातल्याच पिपलानी भागातून एक मुलगी आईबरोबर आली. वय वीस, पाळी कधीच आलेली नाही. तपासण्यांत कळलं, की जन्मतःच योनीमार्ग आणि गर्भाशय नाही. योनीमार्ग शस्त्रक्रियेनं तयार करता येतो, एवढंच सांगायचं होतं. त्यात माणसं मराठी, म्हणून मी खुशीत. खिडकीबाहेर बघत म्हणालो, "त्याचं काय आहे... जागाच नाहीये. जागा करावी लागेल. बघू."

दोघी नमस्कार करून निघून गेल्या. मला वाटलं, काय समजूतदार माणसं!

दुपारच्या ड्यूटीला सिस्टर आल्या त्या मुलीचा हात धरूनच. मागून आई. "अहो, बस स्टॉपवर रडत होती ही पोरगी! डॉक्टर म्हणाले, वॉर्डात जागा नाही. आता पुन्हा कुठल्याच डॉक्टरकडे जाणार नाही म्हणतेय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिस्टरांनी तिला माझ्यासमोर बसवलं. पेन बाहेर आलं. "नाव घ्या."

घेतलं. मग सगळंच सांगितलं. मूल पोटात वाढणार नाही, हेसुद्धा.

आई डोळे पुसत म्हणाली, "लग्नाआधी उरकून टाका, डॉक्टर."

सिस्टर म्हणाल्या, "ताई, लग्नाचं राहू द्या. शरीर हिचं आहे. हिला हवं असेल तेव्हा, हवं असेल तरच."

मुलीनं पहिल्यांदाच मान वर केली. "माझ्यासारख्या आणखी असतात?"

"असतात तर! काय एकटीच समजत होतीस?" सिस्टर हसल्या.

वर्षभरानं ती आपणहून आली. ऑपरेशन झालं. पुढचे कंटाळवाणे महिने, नवा मार्ग आकसू नये म्हणून रोज वापरायची ती साधनं, सगळं सिस्टरांनी तिला हसवत निभावून नेलं. मी टाके घातले. धीर त्यांनी दिला.

गेल्या वर्षी सिस्टर वारल्या. मला अजून फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

परवा ती मुलगी तपासणीला आली होती. म्हणाली, "आम्ही काहीजणींनी गट केलाय. नव्या मुलींशी बोलतो. गटाला सिस्टरांचं नाव द्यायचंय. काय होतं हो त्यांचं नाव?"

बारा वर्षं त्यांच्या छातीवरची नावाची पट्टी माझ्यासमोर होती. मी ती कधी वाचलीच नव्हती.