सत्यभामाकाकूंचा गुन्हा कुणी मानेना

सत्यभामा गुरव मूळच्या देवरुखच्या, पण दुबईच्या करामा भागात राहून त्यांना इतकी वर्षं झाली आहेत की भाजीवाला न विचारता पिशवीत कढीपत्ता टाकतो. नवरा महादू बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर आणि त्या स्वतः शाळेच्या बसमधल्या आंटी. मुलांना चढवायचं, पट्टे लावायचे आणि "आंटी, ही पिंच्ड मी" अशा फिर्यादी ऐकायच्या. फिर्यादी ऐकण्यात त्यांना मनापासून रस होता. निकाल मात्र त्या कधी देत नसत. भांडण शाळेच्या गेटपर्यंत छान रंगू देत आणि उतरताना दोघांच्याही हातावर आवळासुपारी ठेवत.

अशा बाईला नाटकात घ्यायलाच नको होतं, असं नीलेश आता म्हणतो.

नीलेश अबू धाबीच्या अल रीम आयलंडवर राहणारा, बँकेतला प्रोजेक्ट मॅनेजर. त्याने एक नाटक लिहिलं होतं. अमेरिकेतलं तीनशे वर्षांपूर्वीचं एक कडक देवभोळं गाव. तिथल्या काही मुलींना झटके येऊ लागतात, त्या शेजारणींकडे बोट दाखवून "ही चेटकीण" म्हणतात आणि गाव लोकांना फासावर चढवायला लागतं. गुन्हा कबूल करणारा सुटतो, नाकारणारा लटकतो. दर रविवारी नीलेश अबू धाबीहून गाडी हाणत तालमीला यायचा. मुश्ताकभाईंच्या कार्गो ऑफिसच्या मागच्या खोलीत, खोक्यांच्या मधोमध तालीम चालायची. मुश्ताकभाई रत्नागिरीचे. आवाज भारदस्त, म्हणून नाटकात न्यायाधीश.

"प्रत्येक कॅरेक्टरला मोटिव्ह असतो," नीलेश समजावायचा. "शेजाऱ्याला जमीन हवीय. मुलींना मार चुकवायचाय. जज्जला काय हवंय, मुश्ताकभाई?"

"जज्जला कळलंय की आपण चुकलो," मुश्ताकभाई म्हणाले. "पण आता थांबला, तर आधीच्यांना का लटकवलं ते सांगावं लागेल. म्हणून तो म्हणतो, यल्ला, चला, पुढचा आणा."

काकूंच्या वाट्याला सगळ्यात आधी फाशी जाणारी म्हातारी आली होती. पहिल्या अंकातच त्यांचं काम खलास. उरलेला वेळ त्या खोक्यावर बसून बघत. बघण्यासारखं फारसं नव्हतं. संजना नायिका होती. ती वाक्यं अशी म्हणायची, जणू ऑफिसात प्रेझेंटेशन देतेय. आरोप करणाऱ्या मुलीच्या भूमिकेत रंजिता होती. तिला खरं तर नायिकाच व्हायचं होतं आणि संजनाची वाक्यंही तिला पाठ होती. पण आरोप करताना ती इतकी सौम्य, की जणू कुणाचा पत्ता विचारतेय.

त्या खोलीत एसीच्या गळक्या पाण्याचा कुबट वास यायचा. काकूंनी एक लिंबू घेतलं, त्यात लवंगा टोचल्या आणि वास जावा म्हणून संजना बसायची त्या खोक्यामागे ठेवलं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच.

पुढच्या रविवारी संजना आली तीच बसलेला घसा घेऊन. पर्स खोक्यामागे पडली म्हणून वाकली आणि जागच्या जागी थिजली. लिंबू आता काळपट, सुरकुतलेलं दिसत होतं आणि त्यात काळं काळं काहीतरी टोचलेलं.

"टाचण्या आहेत," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "माझ्याच जागेमागे."

नीलेश दोन डिग्र्यांचा माणूस, पण त्याने ते लिंबू हाताने उचललं नाही. पुठ्ठ्यावर घेतलं, मान वळवूनच बाहेर नेलं आणि रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकून हात धुतले. परत आला तेव्हा सगळे एकाच दिशेला बघत होते. रंजिताकडे.

"माझ्याकडे काय बघताय?" रंजिता म्हणाली.

"कुणी काही म्हटलंय का?" संजना म्हणाली.

काकूंनी तोंड उघडलं होतं. एक वाक्य बोलल्या असत्या तर तिथेच मिटलं असतं. पण तेवढ्यात नीलेश म्हणाला, "चला, तिसरा प्रवेश," आणि तो प्रवेश असा झाला की काकू बघतच राहिल्या. संजना खरोखर थरथरत होती. रंजिताने दाखवलेलं बोट तलवारीसारखं होतं. काकूंनी तोंड मिटून घेतलं. एवढी चांगली तालीम मोडायची कशाला?

तालीम संपल्यावर रंजिताने नेहमीप्रमाणे डबा उघडला. साबुदाणावडे. संजना म्हणाली, घसा आहे. नीलेश म्हणाला, डाएट आहे. मुश्ताकभाई घाईने फोनवर बोलायला बाहेर गेले. रंजिताने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि डबा बंद करायला लागली. काकूंनी पुढे होऊन तीन वडे खाल्ले.

घरी आल्यावर महादूने त्यांचा चेहरा पाहिला. "तू परत कुठेतरी काडी लावलीस ना?"

"लावली नाही. विझवली नाही, एवढंच," काकू म्हणाल्या.

पुढच्या रविवारी रंजिता आलीच नाही. काकू खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ते लिंबू मी ठेवलं होतं. लवंगा होत्या. वास जायला."

संजनाचे डोळे भरून आले. "काकू, किती मोठं मन आहे तुमचं. तिच्यासाठी स्वतःवर घेताय."

"अगं, घेत नाहीये, माझंच आहे ते."

"आम्ही तुम्हाला ओळखतो ना," नीलेश म्हणाला.

"त्याचीच तर पंचाईत आहे," काकू म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या सरळ खरं बोलत होत्या आणि लोक त्यांना संत ठरवून मोकळे झाले होते. पुरावा कधीच कचऱ्याच्या गाडीतून गेला होता.

त्या तडक बाहेर पडल्या, कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, लिंबं आणि लवंगांची पुडी घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर बसून टोचायला लागल्या. पहिलं लिंबू पूर्ण झालं तेव्हा मुश्ताकभाईंनी ते नाकाशी धरलं.

"हबीबी, ही तर बिर्याणी," ते म्हणाले.

नीलेशचा चेहरा लालबुंद झाला. "मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

"बघायला मजा येत होती," काकू म्हणाल्या. "आणि तुमचं नाटक पहिल्यांदा बरं दिसत होतं."

संजना मान खाली घालून म्हणाली, "घसा आदल्या दिवशीच बसला होता. वाक्यं विसरेन अशी भीती वाटत होती. लिंबू दिसलं तेव्हा बरंच वाटलं, निमित्त मिळालं."

रंजिताला फोन करायचा कुणी, यावर मग बराच वेळ वाद झाला. नीलेशला माफी मागावी लागणार होती आणि तो "मी काही म्हटलंच नव्हतं" याला चिकटून होता. शेवटी काकूच तिच्या घरी गेल्या. रंजिताने दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं, चहाही दिला. "येईन मी," ती म्हणाली. "पण तुम्हाला माफ केलेलं नाही."

"नको करूस," काकू म्हणाल्या. "घाई नाही."

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला होता. रंजिताने काकूंकडे बोट रोखलं आणि किंचाळली. त्या किंचाळीत तालमीत कधी नव्हतं असं काहीतरी होतं. काकूंना म्हणायचं होतं, "मी कुणाचंही वाईट केलेलं नाही." पण रंजिताच्या डोळ्यांत बघून ते वाक्य तोंडातून बाहेर पडेना. पहिली रांग खुर्चीत पुढे सरकली.

"केलंय," काकू हळूच म्हणाल्या. "पण हे नाही."

रंजिताच्या ओठांवर हसू आलं. तिने पटकन चेहरा झाकून घेतला. प्रेक्षकांना वाटलं हुंदका आहे. मुश्ताकभाईंनी न डगमगता हातोडा आपटला आणि म्हातारीला फाशी सुनावली. टाळ्या थांबेनात.

पडद्यामागे नीलेश धावत आला. "काकू, हे वाक्य स्क्रिप्टमध्ये नव्हतं."

"आता घाल," रंजिता म्हणाली. मग काकूंकडे वळून, अजून थोड्या रागातच, "पुढच्या नाटकात तुम्ही माझ्या सासू व्हा. मला पूर्ण तीन अंक तुमच्यावर ओरडायचंय."

काकूंनी लगेच होकार दिला.