चहासोबतचा चमचा

निरगुडसरच्या माझ्या दुकानात दर मंगळवारी मंचरहून चहा-कंपनीचा सेल्समन मोपेडवर यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे दुकानदार त्याला इस्कीमभाऊच म्हणायचे. राम राम घालायच्या आधीच तो सुरू करायचा, "राव, लई भारी इस्कीम हाय! तुमाला डझनावर एक पुडा, अन् गिऱ्हाइकाला पुड्यासंगं स्टीलचा चमचा." मग फळीवरच्या एकेका पुड्याला चमचा धरून ठेवणारी चिकटपट्टी अंगठ्यानं दाबून बघायचा.

एकदा मी ते चमचे सोडवून बरणीत वेगळे विकायला ठेवले होते. सगळेच दुकानदार ठेवायचे. त्यानं बिनचमच्याचे पुडे पाहिले, बरणी पाहिली.

"चमचा केवढ्याला, भाऊ?" त्यानं विचारलं.

"दोन रुपये," मी सवयीनं बोलून गेलो.

त्यानं दोन रुपये गल्ल्यावर ठेवले. एक चमचा घेतला, खिशातली चिकटपट्टी काढली आणि शेजारी उभ्या आजींनी नुकत्याच घेतलेल्या पुड्याला तो नीट चिकटवून दिला.

"आजी, ह्यो फुकट हाय बरं का."

मग वही उघडून नेहमीच्याच आवाजात मला म्हणाला, "बोला राव, किती डझन लिहू?"