रामीबाईच्या गालातली दोरी

उभी हयात मी लोकांना हसवण्यात घालवली. रंगभूमीदेवीने मला ना गळा दिला, ना उंची. जे काही दिलं ते या दोन गालांत. एक भुवई वर, दुसरी खाली, ओठांचा चंबू, की पुढची बैठक आडवी! म्हणूनच वणीच्या डॉक्टरांनी एक दिवस मला दवाखान्यात बोलावून घेतलं आणि बाकावर बसलेल्या एका बाईकडे बोट दाखवलं.

"औषध मी देतो. पण तोंड कसं हलवायचं हे शिकवायला माझ्यापेक्षा तू बरा."

१९५९ सालचा हिवाळा होता. बाईचं नाव रामीबाई. झरीच्या वाटेवरल्या तांड्यात राहायची, चाळिशीची, विधवा. तिचे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले. ओझं बांधायची कला तिच्या हातात तिथूनच आलेली. मोळी असो की बैलाचं दावं, रामीबाईची गाठ सुटत नाही, असं तांड्यात सगळेच म्हणत. तांड्याचा प्रमुख, नायक भावसिंगसुद्धा आपल्या गाडीवरचा कापूस तिच्याकडून बांधून घ्यायचा.

त्या दिवाळीनंतर एका सकाळी तांड्यातल्याच मानीबाईची उभी ज्वारी बैलाने तुडवलेली सापडली. बैल रामीबाईचा. ती म्हणाली, मी रात्री बांधला होता. पहाटे दारोदार जाऊन ढोरं सोडून नेणारा गुराखी लखीराम म्हणाला, मी गेलो तेव्हा बैल खुंट्यावर नव्हताच. म्हणजे एक तर तिची गाठ सुटली, नाहीतर लखीरामने बैल सोडून नेऊन मोकाट जाऊ दिला. दोघांतलं एक खोटं. नायकाने तिला देवीच्या ओट्यावर उभं केलं.

"माही गाठ पक्की होती," ती म्हणाली. "खोटं असंन तं देवी माह्यं तोंड वाकडं करो."

लखीरामचं काम गेलं. तो राजूरच्या खाणीत कोळसा भरायला निघून गेला.

आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच सकाळी चूळ भरताना रामीबाईच्या ओठाच्या कोपऱ्यातून पाणी गळालं. डावा डोळा मिटेना. सगळं तोंड उजवीकडे ओढलं गेलं. तांड्याने जे समजायचं ते समजून घेतलं, लखीरामला राजूरहून परत आणलं आणि ढोरं पुन्हा त्याच्या स्वाधीन केली. रामीबाई पदराआड गेली. शेवटी तिचा भाऊ किसनसिंग तिला गाडीत घालून वणीला घेऊन आला.

डॉक्टरांनी पुडीची सुतळी घेऊन तिचा पीळ उलगडला. "हे पाहा बाई, माणसाचा स्नायू म्हणजे अशीच दोरी. बारीक तंतू, तंतूंचे पेड, पेडांचा दोर. दंडातला दोर दोन्ही टोकांना हाडाशी बांधलेला असतो, म्हणून हाताने ओझं उचलता येतं. गालातल्या दोराचं एक टोक हाडाला आणि दुसरं थेट कातडीला. म्हणून माणूस हसतो, रडतो. आणि एक ध्यानात ठेवा. दोर ओढतो. ढकलत कधीच नाही."

"म्हणजे यांची उजवी बाजू बिघडली?" मी विचारलं.

"सगळे तसंच समजतात. उजवी ठणठणीत आहे. डाव्या बाजूला हुकूम पोचवणारी शीर सुजली, म्हणून डावी सैल पडली. रस्सीखेचीत समोर कोणी उरलं नाही, तर काय होईल? उजवी सगळं आपल्याकडे ओढते."

रामीबाई पदराआडून हळूच म्हणाली, "मंग हे शपथीनं नाही झालं?"

"कशानं झालं ते आम्हालाही नक्की सांगता येत नाही. गार वाऱ्याचं निमित्त असेल. शपथेनं मात्र नाही."

मला वाटलं, बाईच्या जिवावरचं ओझं उतरलं. तिने मान आणखीच खाली घातली.

दर बाजाराच्या दिवशी ती यायची. मी रंगाच्या पेटीतला आरसा तिच्यापुढे धरायचो आणि स्वतः माकडचेष्टा करायचो.

"गाल फुगवा."

"नाही फुगत, भाऊ. हवा निंगून जाते."

"मग शिट्टी मारा."

"बाईमाणसानं शिट्टी मारावी? तांड्यात समजलं तं दंडच बसन मले!"

तरी तिने मारली. फुसकी निघाली. आम्ही दोघं हसलो, म्हणजे मी पूर्ण आणि ती अर्धी. पुढे एका बाजारी डाव्या ओठाचा कोपरा किंचित थरथरला. मी टाळ्या पिटल्या. तिने आरसा उपडा ठेवला.

"काहून बाई?"

"लखीरामाचे ढोरं कमी होऊन राह्यले, भाऊ. माह्यं तोंड सुधरलं तसे लोक म्हणते, देवीनंच हिचं तोंड सरळ केलं, म्हणजे हे खरी अन् तो खोटा. मानीबाईनं गाई काढून घेतल्या त्याच्याकडून."

"पण यात देवीचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले ना?"

"मले म्हणाले. तांड्याले कोण सांगन?"

ज्याच्याशी भांडण त्याचीच काळजी! केवढं मोठं मन, असं मला वाटलं.

होळीपर्यंत तोंड सरळ झालं. नायकाने आनंदाने आमच्या नाटक मंडळीला तांड्यात बोलावलं. नकला झाल्या, पाठीवर थापा मिळाल्या, माझ्या गळ्यात हार पडला. मग त्याने रामीबाईला ओट्यावर बोलावून तिच्या हाती नारळ दिला.

"देवीनं आपल्या हातानं इचं तोंड सरळ केलं! रामीबाई खरी!"

"लखीरामा," गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "तुह्यं कवा वाकडं होते बे?"

हशा पिकला. मागे काठीला टेकून उभा असलेला लखीराम पायाकडे पाहू लागला.

"हास ना बाई," नायक म्हणाला, "दाखव सगळ्याले."

ती हसली. दोन्ही कोपरे अगदी सारखे वर गेले. माझा ऊर भरून आला. पण माझी नजर डोळ्यांवर गेली. ओठांची दोरी नटाला हुकमाने ओढता येते. डोळ्यांभोवतीची तशी ऐकत नाही. आतून हसू आलं तरच ती आवळते. मला वाटलं, डावा डोळा अजून बरा व्हायचा असेल. पण उजवाही तसाच कोरडा होता.

तिने नारळ ओट्यावर ठेवला.

"हे हसनं या भाऊनं शिकवलं," ती म्हणाली. "शीर सुजून तोंड गेलतं. गेलं त्यात देवी नाही, आलं त्यात बी नाही. त्या राती बैल मीनंच बांधला, अन् गाठ सुटली. सकाळी दावं खुंट्यापाशी उकललेलं पडून होतं. मीनं पाह्यलं."

"मंग शपथ कायले घेतली?" मानीबाई किंचाळली.

"लाज वाटली. माही गाठ सुटली हे सांगाची लाज वाटली."

लखीराम पुढे आला. आवाज चढवला नाही त्याने. "तोंड वाकडं होतं तवा काहून नाही बोलली?"

"तवा तुहे ढोरं तुले भेटले होते. तोंडच बोलून राह्यलं होतं माह्या वाटचं. मले वाटलं, फिटलं."

 गळ्यातला हार मी गुपचूप काढून ठेवला.

लखीरामने ढोरं पुन्हा घेतली. सगळ्यांची, रामीबाईचा बैलही. फक्त संध्याकाळी तिच्या दारी आला की तो दावं तिच्या हाती देत नसे. स्वतः बांधायचा, दोनदा ओढून पाहायचा आणि निघून जायचा. ती चौकटीत उभी राहून पाहायची. नायकाच्या गाडीवरचा कापूसही आता दुसरेच कोणी बांधत.

काही वर्षांनी ती मला वणीच्या बाजारात दिसली. अर्ध्या तोंडावर पदर होता.

"पुन्हा उलटलं का?" मी घाबरून विचारलं.

"नाही, भाऊ. डोया मिटते. हे पाहा, गाल बी फुगते." तिने पदराआड गाल फुगवून दाखवला. पदर मात्र खाली घेतला नाही. मग हातातलं मिठाचं फडकं तिने माझ्यापुढे धरलं.

"एवढी गाठ मारून द्या. मी नाही बांधत आता."

मी मारली. गाठ मारणं हे काही माझं काम नव्हे. रस्त्याच्या वळणावर ती सुटली, तेव्हा रामीबाई खाली वाकली, सांडलेलं मीठ जमेल तेवढं गोळा केलं, आणि फडक्याचं तोंड मुठीत आवळून तशीच तांड्याकडे चालू लागली.