विमलताई अजून बोलून राहिल्या

विमलताई गेल्याची बातमी त्यांच्या मुलीनं, नंदानं, तेल्हाऱ्याहून फोनवर दिली. "भाऊ, आई गेली. मी खरंच नंदा बोलून राहिली... या तुमी." आईच्या मरणाची बातमी देताना, बोलणारी आपणच आहोत हे तिला सांगावं लागलं. त्या घरावर वर्षभरात काय गुदरलं ते ठाऊक असल्यानं मला त्याचं नवलही वाटलं नाही.

कापसाच्या गावांत एकामागून एक माणसं स्वतःला संपवत होती, त्या वर्षांत मी अकोल्याहून येऊन ताईंबरोबर हिंडायचो. पुढारी दारात फोटो काढून जायचे. ताई आत चुलीपाशी जाऊन बसायच्या, त्या घरातली बाई बोलायला लागेपर्यंत. सभेत मात्र त्यांचा आवाज खणखणीत. "बाया हो, कावून गप बसून राहिल्या?" सगळ्या पक्षांनी त्यांना बोलावून पाहिलं. त्या कुणाच्याच व्यासपीठावर चढल्या नाहीत, म्हणून तर त्यांच्या शब्दाला वजन होतं.

गेल्या निवडणुकीत एका उमेदवाराची माणसं पाठिंबा मागायला आली. ताईंनी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. जाताना त्यातला एक जण हसला. "ताई, तुमी नाई आल्या तरी चालते."

त्याचा अर्थ थोड्याच दिवसांत कळला. तालुकाभर फोनांवर ताई बोलू लागल्या. त्यांच्या जुन्या भाषणांवरून यंत्रानं तो आवाज घडवला होता. प्रत्येकीला नावानं हाक, तिच्या तुरीची, आजारी सासूची चौकशी, आणि शेवटी, "एवढ्या बारीनं माह्या शब्दाखातर मत दे वं."

ताईंनी सरकारच्या पोर्टलवर तक्रार केली. तिथंही यंत्रच होतं, फार अदबीचं. आवाज तक्रारदाराचाच असल्याचं आढळून आल्यानं तक्रार निकाली काढण्यात येत आहे, असं त्यानं कळवलं. मग ताई स्वतःच गावोगाव निघाल्या. एका गावात शेवंताबाई भेटली. नवरा गेल्यावर ताईंनीच तिला उभं केलं होतं. "थे मी नव्हती," असं ताई चढ्या आवाजात सांगत होत्या. शेवंताबाई बावरली. "ताई, फोनवर तं किती मायेनं बोलल्या तुमी! आता कावून रागावून राहिल्या?"

परतताना गाडीत ताई म्हणाल्या, "तिले थे दुसरीच आवडली रे..."

उमेदवार निवडून आला. ताईंनी सभा सोडल्या, पुढं फोनही सोडला. घरातसुद्धा त्या हळूच बोलायच्या, कुणी ऐकत असल्यासारख्या. आणि एका सकाळी हृदय थांबलं.

तेरवीनंतर शोकसभा झाली. मी बोलायला उभा राहिलो, तोच सभागृहातला एक फोन वाजला, मग दुसरा, मग सगळीकडूनच. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली होती. "बाया हो, मी विमल बोलून राहिली..."

"बंद करा थे!" नंदा किंचाळली. काहींनी घाईघाईनं फोन बंद केले. शेवंताबाईनं केला नाही. तो कानाशी घट्ट धरून ती हळूहळू मान हलवत होती, गालावरून पाणी वाहत होतं. नंदा तिच्या हातातून फोन काढून घ्यायला गेली, तशी ती मागं सरली.

"राहू दे वं पोरी," ती म्हणाली. "मले विचारून राहिली थे... जेवली काय म्हणून."