गाळलेली दोन पानं

शर्टांना काजं करायची म्हणून कारखान्यात तिला सगळ्या काजेवालीच म्हणत. दुपारनंतर हातशिलाई असे. बायका बटणं टाचायच्या आणि ती एक जुनी, गाजलेली कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवायची. तिच्या वाटची बटणं इतरजणी वाटून घेत.

कादंबरी दोन मैत्रिणींची होती. एक मास्तरीण, दुसरी वरच्या मजल्यावर एकटीच राहणारी. सगळ्यात जीव लावून ऐकायची ती इस्त्रीवाली. ती आणि काजेवाली कामाला एकाच दिवशी लागलेल्या, एका डब्यात जेवणाऱ्या. नवरा गेल्यापासून इस्त्रीवालीच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. गेल्या हिवाळ्यात तिला खोकला जडला. संसर्गाचा नाही असं डॉक्टरांनी सांगूनही काजेवालीनं लेकीच्या काळजीपोटी तिच्याकडे जाणं बंद केलं. विचारलं की लेकीची परीक्षा पुढं करायची. परीक्षा केव्हाच आटोपली होती.

मग ते प्रकरण आलं. लग्न झाल्यावर मास्तरीण मैत्रिणीकडे फिरकत नाही आणि ती बापडी रोज दोन कप मांडून बसते. काजेवालीनं पुढचं आधी मनातच वाचून पाहिलं. समोर इस्त्रीवाली कॉलर दाबत होती. काजेवालीनं ती दोन पानं गाळली आणि मनचंच ठोकून दिलं, की मास्तरीण दर रविवारी जायची, दोघी पोट धरून हसायच्या. नवऱ्याला घरी ठेवून जाते म्हणजे बाई शहाणी आहे, असं एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

त्या संध्याकाळी इस्त्रीवालीनं पुस्तक घरी मागून नेलं. नाही कसं म्हणायचं?

सकाळी ते परत देताना ती हळूच म्हणाली, "ते रविवारचं काही सापडलं नाही गं मला."

काजेवालीची कानशिलं तापली. तिनं लेकीसाठी वाटणारी भीती सांगून टाकली, आज संध्याकाळी येतेच म्हणाली.

"आज नको. आज तू लाजेनं येशील." इस्त्रीवालीनं ओल्या बोटानं इस्त्रीची धग पाहिली. "भीती वाटते म्हणाली असतीस, तर मीच सांगितलं असतं, येऊ नकोस म्हणून. पण तू थापा मारत राहिलीस. आता निदान पुस्तकातलं तरी आहे तसं वाच."

दुपारी काजेवालीनं सगळ्यांना सांगितलं, की काल मी खोटं वाचलं. मग ती पानं उघडली. कपांपाशी आल्यावर तिचा आवाज फुटेना. कुणीतरी पाणी पुढं केलं. इस्त्रीवालीनं मान वर केली नाही, पण इस्त्री बाजूला उभी करून ती थांबली होती. काजेवालीनं ते वाक्य पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतलं.